ज्याचं जातंय त्यानं सांगावं

पौडच्या पुढे मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माले गावाच्या आसपास, ते गाव आहे एवढं सांगितलं तरी पुरे. नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर तिथलं कुणीतरी येऊन विचारेल, "बाई, आमच्या आबांबद्दल लिवलं, पन कुनाला इच्यारून?" आबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी असला प्रश्न विचारणारं एखादं माणूस त्या गावात अजून असेल, अशी मला आशा आहे. आशा कसली, हट्टच म्हणा.

आबा माझे घरमालक. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी त्या गावात शिक्षिका म्हणून गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. पुण्याच्या पेठेत वाढलेली, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल मनात तिळमात्र शंका नसलेली. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. राहायला आबांच्या घरातली एक कोरडी, उजेडाची खोली मिळाली होती. दिवाळी झाली, भातं कापून झाली, आणि एके सकाळी आबांनी घरातल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, दोन मुलगे, थोरली सून, आणि मी.

"बाई, तुमची खोली पायजे," आबा म्हणाले. "भात ठिवायचंय. तुमाला पडवीतली खोली देतो. आता तुमची का पायजे, त्ये तुमी सांगा."

"मी सांगू?"

"मग कोन? खोली तुमची जातीया. ज्याचं जातंय त्यानं सांगावं."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण सगळे गंभीरपणे माझ्याकडे बघत होते. मी जरा रागातच म्हणाले, "तुमच्या भाताला ओल लागू नये म्हणून. पडवीतली खोली दमट आहे, तिथे भात बुरसेल."

"आन तुमी?"

"मी काही बुरसणार नाही."

काकींना हसू फुटलं. आबा मात्र हसले नाहीत. हनुवटी खाजवत बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "बुरसनार न्हाई, पन खोकाल. परवा बी खोकत हुता. न्हाई जमलं. ह्ये कारन काय पुरं पडत न्हाई." त्या वर्षी भाताच्या कणग्या आबांच्या निजायच्या खोलीत गेल्या आणि आबा-काकी पडवीत झोपले. माझं मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी दोनदा म्हणाले, मी जाते पडवीत. पण एकदा घरची पंचायत उठली म्हणजे उठली.

ही त्यांची तऱ्हा. दिसायला आबा अगदी साधे होते. उंच, पुढे वाकलेले, कानांवर केसांचे झुबके, डोक्याला मळकं मुंडासं आणि भर उन्हाळ्यातसुद्धा खांद्यावर घोंगडी. आवाज बारीक होता. एवढ्या मोठ्या देहातून तो आवाज आला की नवख्या माणसाला वाटे, मागे दुसरं कुणीतरी बोलतंय. दुसरी इयत्ता अर्धी सोडलेली. ग्रामपंचायतीत ते पंच होते आणि त्यांच्यामुळे पंचायतीचं कुठलंही काम वेळेत होत नसे.

त्यांच्यासमोर ‘लोक’ हा शब्द वापरायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, "आबा, लोकांना तरास होतोय," की आबा उजव्या हाताचा पंजा पुढे धरत आणि करंगळी मिटायला तयार होत. "नावं घ्या." समोरचा दोन नावं घेई, तिसऱ्यापाशी घुटमळे, आणि शेवटी कळे की त्रास त्या एकट्यालाच होतोय. मग आबा म्हणत, "तुला होतोय न्हवं? मग तसं सांग की. तू काय कमी हायेस का?" एकदा मी फळ्यावर लिहिलं होतं, मुलांच्या हितासाठी उद्यापासून शाळा सकाळी लवकर भरेल. आबा देवळात नमस्काराला आले, ते वाचलं आणि माझ्यासमोर पंजा धरला. मी चिडून वर्गातल्या सव्वीसच्या सव्वीस मुलांची नावं घ्यायला लागले. आबांनी दोन्ही हातांची बोटं पुन्हापुन्हा मिटली, उघडली. गुराख्याच्या पोरांपाशी आल्यावर मी स्वतःच थांबले, कारण लवकर शाळा म्हणजे त्यांची शाळा बुडणार होती. आबा देवळातली घंटा वाजवून निघून गेले.

आता मी बावधनला मुलाकडे राहते. आमच्या सोसायटीच्या सभेत ‘सर्व रहिवाशांच्या सोयीसाठी’ असं कुणी म्हणालं की माझा पंजा आपोआप पुढे होतो. मुलगा शेजारी बसलेला असतो. तो हळूच माझा हात खाली घेतो.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. मुळशीचं धरण झालं तेव्हा आबा सोळा-सतरा वर्षांचे होते. त्यांचं मूळ गाव पाण्याखाली गेलं. चावडीवर कागद वाचला गेला, त्यात लोकांच्या हिताचं काहीतरी होतं, आणि वाचणारा वाचून निघून गेला. वडील पुढे काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते वारले. आबांच्या मनात मात्र ते हित राहून गेलं. लग्नानंतर कधीतरी ते मुद्दाम मुंबईला गेले.

"कशाला?" मी विचारलं.

"हित बगाय. आमच्या पान्यावर तितं ईज झाली म्हनं. म्हनलं, बगून तर येऊ."

मेहुण्याच्या चाळीत, दिवेलागणीला, ते खोलीतल्या दिव्याखाली जाऊन उभे राहिले. मेहुण्याची बायको स्वयंपाक करत होती, त्याची म्हातारी आई गोधडी शिवत होती, पोरं पाटीवर लिहीत होती.

"उजेड चांगला हुता, बाई," आबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? लई चांगला हुता. म्हातारीला सुईत दोरा ववता येत हुता. माज्या बाला त्ये कुनी न्हेऊन दावलं असतं ना, तर बा बी म्हनला असता, बरं, घ्या. न्हाईतर म्हनला असता, न्हाई देत. काय बी म्हनला असता. पन त्याला त्ये म्हनाय तर द्यायचं हुतं!"

हे सांगत होते तेव्हा आमच्यामध्ये रॉकेलची चिमणी होती. त्या गावात वीज यायला पुढे बरीच वर्षं लागली.

तेव्हापासून आबांचा नियम ठरला. सगळ्यांच्या भल्यासाठी म्हणून एखाद्याचं काही घ्यायचं असेल, तर ते भलं काय आहे हे त्यानेच, त्याच्या तोंडाने, सभेत सांगायचं. न अडखळता सांगता आलं तर ठराव झाला. अडखळला, तर तिथे काहीतरी राहिलंय. नुसते हात वर करून घेतलेला ठराव त्यांना मान्य नव्हता. "हात वर कराय काय लागतंय? काखंला वारा लागतो, तेवडंच," असं म्हणत. गावकरी त्यांना हसत, वैतागत, शिव्याही घालत, पण सभेत नियम पाळत. ओढ्याकडे जाणारी गाडीवाट काढायची ठरली तेव्हा एका शेतकऱ्याचा बांध फुटणार होता. तो उभा राहिला आणि गाडीवाट गावाला कशी गरजेची आहे हे सरसर सांगत सुटला. बांधावरच्या आंब्यापाशी आला आणि थांबला. आंबा त्याच्या आईने लावलेला होता. आबा म्हणाले, "मग वाट आंब्याला वळसा घालंल." अजून त्या रस्त्याला तिथे वळण आहे. आता डांबर पडलंय, आंबा गेला, आणि शनिवार-रविवारी तलाव बघायला जाणाऱ्या मोटारी त्या वळणावर उगाच करकचून ब्रेक लावतात.

मला हे सारं सुरुवातीला खुळचटपणाचं वाटे. मग गंमत वाटू लागली. आणि मग, कधी ते कळलंच नाही, मी आबांची भक्त झाले. पुण्याला गेले की मैत्रिणींना त्यांच्या गोष्टी सांगायची. म्हणूनच पुढे जे झालं ते मला आजवर गिळता आलेलं नाही.

शाळेला इमारत हवी म्हणून मी अर्जावर अर्ज करत होते. देवळात पावसाळ्यात गळायचं, उत्सव आला की आठ-आठ दिवस शाळा बंद व्हायची. तिसऱ्या वर्षी शाळातपासणीचे साहेब, ज्यांना गावात दिपोटी म्हणत, ते आले आणि म्हणाले, इमारत मंजूर होते आहे. मात्र गुढीपाडव्याच्या आत गावाने सपाट जागा द्यायची, नाहीतर मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल. आता आमचं गाव सगळं उताराचं. सपाट होती ती भातखाचरं, आणि ओढ्याकाठचं गायरान. गायरानावर कातकऱ्यांची पाच खोपटी होती. कुणाच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं, पण आबांच्या जन्माच्या आधीपासून ती तिथे होती.

गावाचा विचार झाला की खोपटी वरच्या अंगाला, उतारावर हलवायची. सभा ठरली. नियमाप्रमाणे कातकऱ्यांच्या वतीने सोमा बोलणार होता. सोमा पन्नाशीचा, काटकुळा, मान खाली घालून चालणारा. मध, खेकडे, मोळी विकायला घरी यायचा, तेव्हा मी त्याच्या तोंडून कधी दोन शब्दांवर तिसरा ऐकला नव्हता. हा सभेत अडखळला तर? माझी शाळा जाणार होती.

मग मी सोमाच्या खोपटावर गेले. तीन दुपारी गेले. मी त्याला मदत करते आहे असंच मला वाटत होतं. मास्तरीण ती मास्तरीण. मी त्याला पाच वाक्यं करून दिली, त्याला जमतील अशी. साळा समद्यांची हाय. आमची पोरं बी शिकतील. सपाट जागा हितंच हाय. आमी वरच्या अंगाला सरतो. आमाला पटलंय. "घाबरायचं नाही, सोमा. हाताची घडी घालायची, समोर बघायचं, आणि खणखणीत म्हणायचं." माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांपेक्षा त्याने लवकर पाठ केलं. मी त्याला शाबासकी दिली. त्याची बायको बुधी दारात बसून पानांचं इरलं विणत होती. तिने मान वर केली नाही, आणि मीही तिला काही विचारलं नाही.

सभेच्या दिवशी चावडी भरली होती. आबा म्हणाले, "सोमा, सांग." सोमा उठला, हाताची घडी घातली, समोर बघितलं आणि पाचही वाक्यं म्हणाला. एकदाही अडखळला नाही. आबा उठले, सोमाचा दंड धरून त्याला घेऊन आले आणि ओट्यावर आपल्या शेजारी बसवला. चावडीच्या ओट्यावर कातकरी बसल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. सोमा अगदी कडेला, अर्धा अधांतरी बसला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याची मला आज फार लाज वाटते.

पुढचे चार दिवस आबांना दुसरा विषय नव्हता. "बाई, म्या एवड्या सभा बगितल्या, पन असा सांगनारा गडी बगितला न्हाई. कुटं अडकला न्हाई. हिकडं आमी शानी म्हनवून घेतो, आंब्यापाशी अडतो. त्यो घरापाशी अडला न्हाई!" मी मान खाली घालून भाकरी खात होते. सांगून टाकावं असं एकदा वाटलं. मग वाटलं, पाडवा होऊ दे, मग सांगू.

पाचव्या दिवशी खोपटी नव्हती. कूड, वासे, गवत, सगळं घेऊन पाचही घरं गेली होती. वरच्या अंगाला जी जागा त्यांच्यासाठी झाडून ठेवली होती, तिथे कुणी नव्हतं. गावाला बरंच वाटलं. परस्पर जागा मोकळी झाली. आबा मात्र दिवसभर ज्याला त्याला एकच विचारत राहिले, "पटलं हुतं, तर मग वर का न्हाई ग्येला?"

"फिरस्ती जात ती, आबा. आज हितं, उद्या तितं," कुणीतरी म्हणालं.

"फिरस्ती? मी पान्यातनं उठून हितं आलो तवा त्याच्या बानं मला वाट दावली. फिरस्ता मी का त्यो?"

रविवारी सकाळी आबा माझ्या दाराशी आले. "बाई, चला. सोमा ताम्हिणीच्या अंगाला कोळशाच्या भट्टीवर हाय म्हनत्यात. तुमच्या साळंपायी ग्येला, तुमी बी चला." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. आम्ही तलावाच्या कडेकडेने चाललो. मध्येच एके ठिकाणी आबांनी पाण्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "त्या तितं आमचं खळं हुतं." मी पाहिलं. नुसतं पाणी होतं.

दुपारी भट्टीवर पोचलो. सोमा लाकडं रचत होता, हात कोपरापर्यंत काळे. आम्हाला पाहून दचकला. आबा म्हणाले, "सोमा, तू वर का न्हाई रं ग्येलास? तुला पटलं हुतं न्हवं?"

सोमाने हात धोतराला पुसले. सरळ उभा राहिला. हाताची घडी घातली, समोर बघितलं, आणि म्हणू लागला, "साळा समद्यांची हाय. आमची पोरं बी शिकतील. सपाट जागा हितंच हाय..."

तिथे, भट्टीच्या धुरात, जंगलात उभा राहून तो म्हणत होता, सपाट जागा हितंच हाय. पाचही वाक्यं, त्याच क्रमाने. आबा त्याच्या घडीकडे बघत राहिले. तशी घडी घालून त्या पंचक्रोशीत फक्त माझ्या वर्गातली मुलं उभी राहत. मग आबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. ते नुसतं बघत होते.

ते खाली मातीत बसले. "सोमा, घडी सोड."

सोमाने आधी माझ्याकडे पाहिलं. सोडू का, असं. मी कशीबशी म्हणाले, "सोड."

"आता तुजं सांग," आबा म्हणाले.

"तुमी म्हनाल तसं, आबा."

"म्या काय म्हनत न्हाई."

"मग बाई म्हनतील तसं."

भट्टीच्या पलीकडून, आमच्याकडे पाठ करून माती लिंपत असलेली बुधी बोलली. "न्हाई पटलं."

"काय म्हनलीस?" आबा उठून उभे राहिले.

"न्हाई पटलं म्हनलं. माजी दोन पोरं त्या वढ्याच्या काठाला पुरल्यात. वर सरायचं, आन तुमी तितं पाया खांदनार त्ये बगत बसायचं व्हय? त्यापरीस लांब बरं." मग ती वळली. "ह्याला इच्यारलं. ह्यो मोठ्या मानसाला न्हाई म्हनत न्हाई. उभ्या जल्मात म्हनला न्हाई. मला कुनी इच्यारलं?"

तीन दुपारी मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते. आबांनी आपलं मुंडासं काढलं, काखेत धरलं आणि तिला दोन्ही हात जोडले. "चुकलं," म्हणाले. "दोगांचं बी चुकलं. माजं आन बाईंचं."

परतताना आबा दोन पावलं पुढे होते. मी रडत चालले होते. खळं दाखवलं होतं त्या जागेपाशी आल्यावर म्हणाले, "बाई, तुमी त्याला खोटं न्हाई शिकवलं. त्ये समदं खरंच हाय. साळा समद्यांची, जागा सपाट. पन पटलं हुतं तुमाला. त्याच्या तोंडात घातलं." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "आन माजंच डोस्कं फिरलं हुतं. ज्याला न्हाई म्हनता येत न्हाई, त्याचं व्हय घेऊन मी ओट्यावर नाचत बसलो. आता परत सभा घ्यायची. तुमी सांगायचं. आता साळा जातीया ती तुमची."

सभा झाली. मी उभी राहिले. सोमाला मी काय शिकवलं ते सांगितलं, आणि शाळा तिथे का होऊ नये तेही सांगितलं. मध्ये एकदा रडू फुटलं. कुणीही मला बसा म्हणालं नाही. आबा थांबले, चावडी थांबली, मी पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. ते मात्र माझं होतं. ठराव रद्द झाला. दुसरी जागा शोधायला दिवस उरले नव्हते. पाडवा गेला आणि आमची इमारत दुसऱ्या गावाला गेली. पाच घरांपैकी दोन परत आली, त्यात सोमा आणि बुधी होते. उरलेल्या तीन घरांचं पुढे काय झालं, कळलं नाही.

गाव माझ्यावर रागावलं, पण मी बाहेरची, मला सांभाळून घेतलं. आबांवरचा राग मात्र उतरला नाही. पोरांच्या आया मला विचारत, "बाई, दोन खोपटापायी आमच्या पोरांनी देवळातच भिजायचं का?" त्या नावं घेऊन विचारत होत्या, आपापल्या पोरांची. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आबांकडे होतं की नाही, कोण जाणे. पुढच्या निवडणुकीत आबा पडले. चांगलेच पडले. त्यांच्या जागी पिठाच्या गिरणीचा तरुण मालक निवडून आला. आबांच्या नियमाची टिंगल करण्यात तो सगळ्यांत पुढे असे.

नव्या पंचायतीच्या पहिल्या सभेला आबा गेले आणि लोकांत खाली बसले. काम सुरू होणार तेवढ्यात मागून कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "आबा, आता ज्याचं ग्येलंय त्यानं सांगावं की!" हशा पिकला. गिरणीवाला हसला नाही. ओट्यावरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "व्हय, आबा. तुमाला का काडलं, त्ये तुमी सांगा. त्याबिगर आमी तरी हितं कसं बसावं?"

आबा उठले. "तुमी मला काडलं..." म्हणाले, आणि थांबले. किती वेळ तसेच उभे होते. मी इतकी घाबरले होते की काकींचा हात घट्ट धरला होता. शेवटी म्हणाले, "आज न्हाई," आणि खाली बसले.

"बरं," गिरणीवाला म्हणाला. "जमंल तवा सांगा."

मग ती पद्धतच पडली. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला गिरणीवाला विचारायचा, "आबा, सांगता का?" आबा मान हलवायचे. मग कामाला सुरुवात व्हायची. दोन-तीन सभांनंतर कुणी हसेनासं झालं. आणि एक गोष्ट मी पाहिली. आबांनी नाही म्हणून मान हलवली की त्या सभेत नवे पंच जरा जपूनच बोलत. बायका येऊ लागल्या होत्या, त्यांनाही विचारत.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. आबांचा धाकटा माझी ट्रंक घेऊन पुढे गेला होता आणि आम्ही दोघं एसटीची वाट बघत रस्त्याकडेला उभे होतो. त्या माणसाला सोडून जाताना मला वडिलांचं घर सोडतानासुद्धा झालं नव्हतं तसं होत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी इतक्या दिवसांचा प्रश्न विचारला.

"आबा, तुम्ही ते सांगत का नाही? तुम्हाला का काढलं ते? शाळा गेली, पोरं भिजली, आया चिडल्या. तुम्हाला तर सगळं नीट सांगता येईल."

"येतंय की," आबा म्हणाले. "म्होरनं मागनं समदं येतंय. रोज म्हनून बगतो, कुटं अडत बी न्हाई." घोंगडी सारखी करत त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "पाठ झालंय, बाई. म्हनून तर सांगत न्हाई."

एसटी आली. मी आत बसले, ते धुरळ्यात उभे राहिले. पुन्हा आमची भेट झाली नाही. त्यांनी पुढे कधी ते सांगितलं का, हे त्या गावच्या माणसांना विचारणं अजून सहज शक्य आहे. मी विचारलेलं नाही.